बेल्का, स्त्रेल्का आणि मी मारलेली एक थाप

शनिवारची दुपार, बाहेर धो धो पाऊस आणि घरात सात वर्षांचं कन्यारत्न. सोसायटीच्या आवारात चिखल, त्यामुळे सायकल बंद. चित्रकलेची वही संपलेली. अशा वेळी आमच्यासारख्या आळशी बापांना एकच तारणहार असतो, तो म्हणजे लॅपटॉप. शोधता शोधता 'स्पेस डॉग्ज' नावाचा एक ॲनिमेशनपट हाती लागला. कुत्री अवकाशात जातात म्हटल्यावर तिकडून मंजुरी एका सेकंदात मिळाली.

सिनेमा मूळ रशियन, २०१० सालचा. इन्ना येव्हलान्निकोव्हा आणि स्व्यातोस्लाव उशाकोव्ह या दोघांनी दिग्दर्शित केलेला. आम्ही बघितला तो अर्थातच इंग्रजीत डब केलेला. गोष्ट साधी आहे. बेल्का ही सर्कशीतली जरा नखरेल कुत्री, स्त्रेल्का मॉस्कोच्या रस्त्यावर वाढलेली, आणि सोबतीला व्हेन्या नावाचा तोंडाळ उंदीर. तिघं योगायोगानं एकत्र येतात, रस्त्यावरच्या गुंड कुत्र्यांना चुकवत पळतात आणि थेट अवकाश प्रशिक्षण केंद्रात जाऊन पडतात. तिथे कझबेक नावाचा शिस्तीचा कडक कुत्रा मास्तर. स्त्रेल्काला तिच्या आईनं सांगितलेलं असतं की तुझे बाबा वर ताऱ्यांमध्ये आहेत, त्यामुळे तिला वर जायची भलतीच घाई. (गंमत म्हणजे मृग नक्षत्राच्या शेजारी पाश्चात्त्यांना 'मोठा कुत्रा' दिसतो, आणि त्यातला सगळ्यात तेजस्वी तारा म्हणजे आपला व्याध. एकाच ठिपक्यात कुणाला कुत्रा दिसतो, कुणाला शिकारी. असो.) ॲनिमेशन पिक्सारच्या तोडीचं नाही, विनोद काही ठिकाणी बळंच आहेत, पण जुनं मॉस्को फार छान रंगवलंय. शेवटी दोघी सुखरूप परत येतात, सगळे टाळ्या वाजवतात. आमच्याकडेही वाजल्या.

मग प्रश्न सुरू झाले.

"बाबा, हे खरं झालं होतं?"

"हो. बेल्का आणि स्त्रेल्का खरंच गेल्या होत्या. १९६० साली."

"आणि सगळी कुत्री परत आली?"

"हो."

हे 'हो' माझ्या तोंडून इतक्या सहज निघून गेलं की मलाच नवल वाटलं. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता आत गेली. तिला लायका माहीत आहे. लायका कुणाला माहीत नसते? आमच्या शाळेच्या दिवसांत सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात ती असायची. अवकाशात जाणारा पहिला प्राणी कोणता? लायका. एक प्रश्न, एक उत्तर, एक गुण. (खरं तर उत्तर तितकंसं बरोबरही नाही. पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालणारा पहिला प्राणी म्हणजे लायका. नुसतं वर जाऊन येणारे तिच्या आधी बरेच होऊन गेले.) त्या लायकाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारायचं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

रात्री कन्यारत्न झोपल्यावर मी वाचायला बसलो. पहाटे तीन वाजले. त्या वाचनातून जे हाती लागलं ते सांगतो.

सोव्हिएत युनियननं कुत्री वर पाठवायला सुरुवात केली ती स्पुटनिकच्या कितीतरी आधी. २२ जुलै १९५१ रोजी कापुस्तिन यार या तळावरून देझिक आणि त्सिगान अशा दोन कुत्र्यांना घेऊन एक रॉकेट साधारण १०० किलोमीटर उंचीवर गेलं आणि दोघंही पॅराशूटनं जिवंत खाली आले. आठवडाभरानं देझिकला लिसा नावाच्या दुसऱ्या कुत्रीबरोबर पुन्हा पाठवलं. त्या वेळी पॅराशूट उघडलं नाही, दोघंही मेले. त्सिगानला मात्र पुन्हा पाठवलं नाही. अनातोली ब्लागोन्राव्होव्ह नावाचे शास्त्रज्ञ त्याला आपल्या घरीच घेऊन गेले.

कुत्री यायची कुठून? मॉस्कोच्या रस्त्यावरून. पाळीव, जातिवंत कुत्री त्यांना नकोच होती. हिवाळ्यात उघड्यावर राहून, मिळेल ते खाऊन जे तगलेलं आहे ते इथेही तगेल असा सरळ हिशोब. वजन सहा-सात किलोच्या आत, उंची साधारण ३५ सेंटिमीटरपर्यंत. रंग शक्यतो उजळ, म्हणजे कॅमेऱ्यात नीट दिसेल. आणि शक्यतो मादी, कारण लघवी करताना तिला पाय वर करावा लागत नाही आणि त्या एवढ्याशा खोक्यात पाय वर करायला जागाच नसते. असले मुद्दे आमच्या धंद्यातल्या गरजांच्या यादीत आले असते तर मीटिंगमध्ये लोक हसले असते, पण सगळं यंत्र शेवटी अशाच मुद्द्यांवर चालतं.

मग प्रशिक्षण. मॉस्कोच्या विमान-वैद्यक संस्थेत व्लादिमिर याझ्दोव्स्की आणि ओलेग गाझेन्को ही डॉक्टर मंडळी हे काम बघत. गरगर फिरणारं यंत्र, कंप पावणारं टेबल, रॉकेटच्या आवाजाची सवय. सगळ्यात अवघड म्हणजे अरुंद पिंजऱ्यात राहणं. आधी थोडा वेळ, मग पिंजरा आणखी लहान आणि मुक्काम आणखी लांब, असं करत करत वीस-वीस दिवस. खायला जेलीसारखा घट्ट केलेला आहार, कारण वजनरहित अवस्थेत वाडग्यातलं पाणी वाडग्यात राहत नाही.

याच काळातला एक किस्सा आहे, तो वाचून मी रात्री दीड वाजता एकटाच मोठ्यानं हसलो. सप्टेंबर १९५१. उड्डाण तोंडावर आणि बोबिक नावाचा कुत्रा पळून गेला. (शहाणा!) आता काय? शास्त्रज्ञांनी तिथल्याच खानावळीच्या आसपास फिरणारं एक भटकं पिल्लू पकडलं, धुऊन पुसून साफ केलं आणि काहीही प्रशिक्षण न देता रॉकेटात बसवलं. ते व्यवस्थित जाऊन परत आलं. त्याचं नाव ठेवलं 'झिब'. 'बेपत्ता बोबिकची बदली' या रशियन शब्दांची ही आद्याक्षरं. म्हणजे आपल्याकडे 'बेबोब' वगैरे झालं असतं. सरकारी खात्यांना आद्याक्षरांचं वेड सगळीकडे सारखंच दिसतं :-)

आता लायका.

४ ऑक्टोबर १९५७ ला पहिला स्पुटनिक गेला आणि जगभर जो गाजावाजा झाला त्यानं ख्रुश्चेव्ह स्वतःच चकित झाले. ७ नोव्हेंबरला क्रांतीचा चाळिसावा वर्धापनदिन होता. त्याच्या आत आणखी काहीतरी पाहिजे, असं त्यांनी कोरोलेव्हना सांगितलं. सर्गेई कोरोलेव्ह म्हणजे या सगळ्या रॉकेटांचे मुख्य अभियंता. त्यांच्याकडे एक मोठा, व्यवस्थित आखलेला वैज्ञानिक उपग्रह तयार होत होता, पण तो नोव्हेंबरपर्यंत होणं शक्य नव्हतं. (तो प्रत्यक्षात गेला मे १९५८ मध्ये, स्पुटनिक-३ म्हणून.) मग ठरलं की एक साधा उपग्रह करायचा आणि त्यात कुत्रं बसवायचं. हाताशी होते जेमतेम चार आठवडे. नीट आराखडे करायलाही वेळ नव्हता, कच्च्या रेखाटनांवरून काम उरकलं.

चार आठवड्यांत काय होतं? ५०८ किलोचा उपग्रह होतो. हवा शुद्ध ठेवायची सोय होते. सुमारे सात दिवसांचं अन्न आणि प्राणवायू भरून होतो. परत आणण्याची सोय होत नाही. उष्णतारोधक कवच, उलट दिशेनं जळणारं इंजिन, यानाचं तोंड बरोबर दिशेला वळवणारी यंत्रणा यातलं काहीच तेव्हा तयार नव्हतं. म्हणजे लायका परत येणार नाही हे ती निवडली गेली तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. अपघात नव्हता तो. कामाच्या यादीतून 'परत येणे' ही ओळच खोडलेली होती.

इथे मला जरा अस्वस्थ व्हायला झालं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत होतो (नाव नको). तिथे एका बड्या पाहुण्यांच्या भेटीची तारीख आधी ठरली आणि मग आम्हाला सांगण्यात आलं की त्या दिवशी नवी प्रणाली चालू दिसली पाहिजे. काही बिघडलं तर जुन्यावर परत कसं जायचं, हा भाग आम्ही 'नंतर बघू' म्हणून सोडला. सोडणाऱ्यांत मीही होतो, सही माझीही होती. बिघडलं. दोन दिवस लोकांची बिलं चुकीची गेली, आम्ही रात्री जागलो, माफीचे ईमेल लिहिले, संपलं. आमच्या खोक्यात कुणी बसलेलं नव्हतं एवढाच काय तो फरक.

लायका साधारण तीन वर्षांची, पाच-सहा किलोची, शांत स्वभावाची. आधीचं नाव कुद्र्याव्का, म्हणजे कुरळ्या केसांची. लायका म्हणजे भुंकणारी. तिच्यासाठी एक बदली कुत्रीही तयार ठेवली होती, अल्बिना. तिनं आधी रॉकेटमधून उड्डाण केलेलं होतं. निघण्यापूर्वी याझ्दोव्स्की लायकाला एकदा आपल्या घरी घेऊन गेले, मुलांबरोबर खेळायला. तिच्यासाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. हा तपशील वाचून मी दहा मिनिटं पुढे वाचू शकलो नाही. त्या मुलांना बाबांनी काय सांगितलं असेल?

उड्डाणाच्या तीन दिवस आधीच, ३१ ऑक्टोबरला, तिला यानात बसवलं. बैकोनूरला थंडी होती, म्हणून नळीनं गरम हवा सोडत होते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ निघालं. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १०३ वरून २४० वर गेले आणि मूळ पदावर यायला सुमारे तीन तास लागले. जमिनीवरच्या चाचणीत लागला होता त्याच्या तिप्पट वेळ. तापमान नियंत्रणात राहिलं नाही, आतली हवा ४० अंशांपर्यंत तापली. पाच ते सात तासांनी तिच्याकडून येणारे जिवंतपणाचे संकेत थांबले.

जगाला मात्र ती कित्येक दिवस जगल्याचं सांगण्यात आलं. पुढे कधी प्राणवायू संपल्याचं, कधी तिला वेदनारहित मरण दिल्याचं सांगितलं गेलं. खरं काय झालं ते २००२ साली दिमित्री मालाशेन्कोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं ह्यूस्टनच्या परिषदेत उघड केलं. तब्बल ४५ वर्षांनी! म्हणजे आम्ही शाळेत ज्या प्रश्नाचा एक गुण मिळवत होतो, त्याचं पूर्ण उत्तर तेव्हा आमच्या मास्तरांनाच काय, कुणालाच दिलेलं नव्हतं. ते यान मात्र २,५७० प्रदक्षिणा घालत राहिलं आणि १४ एप्रिल १९५८ ला वातावरणात जळून गेलं.

लायकाला निवडणारे आणि शिकवणारे गाझेन्को १९९८ मध्ये जाहीरपणे बोलले. काळ जाईल तसा आपला पश्चात्ताप वाढतोच आहे, आणि त्या मोहिमेतून जे कळलं ते एका कुत्र्याच्या मरणाचं समर्थन करण्याइतकं नव्हतं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. इतका स्पष्ट कबुलीजबाब द्यायला मोठी छाती लागते, पण चाळीस वर्षं लागली हेही खरंच.

याच गाझेन्कोंचा एक दुसरा फोटो जगप्रसिद्ध आहे. १९६० चा ऑगस्ट, पत्रकार परिषद, आणि हा माणूस दोन्ही हातांनी दोन कुत्र्या उंच धरून उभा आहे. बेल्का आणि स्त्रेल्का. तीच संस्था, तेच डॉक्टर, रॉकेटही मूळ त्याच जातीचं. मधल्या तीन वर्षांत फरक पडला तो एवढाच की या वेळी 'परत येणे' हेच काम होतं. पुढे त्याच यानात माणूस बसणार होता ना! त्यामुळे यानाचं वजन आता ४,६०० किलो, गोल आकाराचं परत येणारं दालन, उष्णतेपासून वाचवणारं कवच, वेग कमी करणारं इंजिन, सगळं आलं.

आणि हे सगळं पहिल्या फटक्यात चाललं असं समजू नका. १५ मे १९६० ला याच जातीचं पहिलं यान रिकामं पाठवलं. परत आणायची वेळ आली तेव्हा दिशा ओळखणाऱ्या यंत्रणेनं घोळ घातला, यानाचं तोंड उलटं होतं, आणि इंजिन पेटल्यावर ते खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेलं. एका उलट्या चिन्हापायी रात्री घालवलेल्या माझ्या सर्व व्यवसायबंधूंना इथे गहिवरून येईल. २८ जुलैला दुसरं यान. त्यात चायका आणि लिसिच्का अशा दोन कुत्र्या होत्या. लिसिच्का म्हणजे छोटी कोल्ही, तांबूस रंगाची, कोरोलेव्हची अतिशय लाडकी. तू परत यावीस असं मला फार वाटतं, असं ते तिला हातात घेऊन म्हणाले होते, अशी आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे. रॉकेटच्या बाजूच्या चार भागांपैकी एक उड्डाणानंतर काही सेकंदांतच निखळला, रॉकेट फुटलं, दोघीही गेल्या. वर्तमानपत्रांत एक ओळ आली नाही. फसलेली उड्डाणं जाहीर करायची पद्धतच नव्हती.

त्यानंतर फक्त २२ दिवसांनी, १९ ऑगस्टला, बेल्का आणि स्त्रेल्का निघाल्या.

सिनेमा इथूनच सुरू होतो म्हणा ना. चायका आणि लिसिच्का त्यात नाहीत. लहान मुलांच्या सिनेमात त्या नसणारच, मला ते कळतं. पण आदल्या दोघी परतल्या असत्या तर सिनेमाचं नाव वेगळं असतं, एवढं मात्र त्या रात्री माझ्या डोक्यातून जाईना.

बेल्का-स्त्रेल्काबरोबर ४० छोटे उंदीर, दोन मोठे उंदीर, माश्या, वनस्पती, बुरशी असा मोठा लवाजमा होता. (म्हणजे व्हेन्या अगदीच कल्पनेतला नाही!) आत टीव्ही कॅमेरा होता. सुरुवातीला दोघी इतक्या निश्चल दिसत होत्या की जिवंत आहेत हे खात्रीनं कळायला ठोक्यांचे आणि श्वासाचे आकडे बघावे लागले. मग हळूहळू हालचाल सुरू झाली. चौथ्या प्रदक्षिणेत बेल्का अस्वस्थ झाली, भुंकायला लागली, पट्ट्यांतून सुटायची धडपड करू लागली आणि तिला उलटी झाली. आपल्याकडे काही लोकांना गाडी लागते, काहींना बोट लागते. बेल्काला यान लागलं. स्त्रेल्का मात्र शांत होती.

माझ्या मते ही उलटी हा त्या अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात मोलाचा विदा आहे. डॉक्टरांनी त्यावरून ठरवलं की पहिल्या माणसाला एकच प्रदक्षिणा घालून खाली आणायचं, जास्त नाही. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ ला वर गेला तो बरोबर एक प्रदक्षिणा, १०८ मिनिटं. त्यानंतर ऑगस्टमध्ये गेरमान तितोव्ह दिवसभरासाठी गेला, १७ प्रदक्षिणा, म्हणजे बेल्का-स्त्रेल्काइतक्याच. आणि त्यालाही यान लागलं. अवकाशात ओकारी काढणारा पहिला माणूस अशी त्याची इतिहासात नोंद आहे, बिचारा. बेल्कानं वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं.

परतीच्या वेळीही तीच दिशा ओळखणारी यंत्रणा पुन्हा रुसली. पण या वेळी सूर्याकडे बघून दिशा ठरवणारी दुसरी, राखीव यंत्रणा होती. ती चालली. २० ऑगस्टला दोघी जमिनीवर आल्या. कक्षेत जाऊन जिवंत परत आलेली पहिली कुत्री.

पुढचं पटापट सांगतो. १ डिसेंबर १९६० ला प्च्योल्का आणि मुश्का गेल्या. दिवसभर फिरल्या, परतताना इंजिन नीट चाललं नाही आणि यान देशाबाहेर उतरणार अशी चिन्हं दिसली. परक्यांच्या हाती पडू नये म्हणून त्यात स्फोटकं ठेवलेली होती. ती उडाली. यान मार्ग चुकून जळालं, एवढंच जाहीर झालं. (या एका ओळीवर मला सगळ्यात जास्त राग आला. पॅराशूट न उघडणं हा अपघात. हा अपघात नाही.) २२ डिसेंबरचं यान कक्षेत पोचलंच नाही, सायबेरियात बर्फात पडलं. तिथेही स्फोटकं होतीच, पण त्यांनी दगा दिला, आणि शोधणारी माणसं पोचली तेव्हा हाडं गोठवणाऱ्या थंडीत आत दोन कुत्र्या जिवंत होत्या! त्यातली एक पुढे गाझेन्कोंच्या घरी राहिली. मार्च १९६१ मध्ये चेर्नुष्का आणि मग झ्व्योझ्दोच्का, दोघी एकेक प्रदक्षिणा घालून सुखरूप आल्या. झ्व्योझ्दोच्का म्हणजे छोटी तारका. हे नाव गागारिननं ठेवलेलं. आपण पहिला माणूस की शेवटचा कुत्रा तेच कळत नाही, असं तो नंतर गमतीनं म्हणायचा म्हणे.

गागारिननंतरही कुत्री गेली. व्हेतेरोक आणि उगोल्योक हे दोघं १९६६ मध्ये २२ दिवस वर होते. आले तेव्हा पार अशक्त झालेले, स्नायू झिजलेले, धड उभं राहता येत नव्हतं. कुत्र्यांमधला तो विक्रम अजून अबाधित आहे. मोडायची कुणाला गरज पडू नये.

सिनेमाची चौकट म्हणजे व्हाइट हाऊसमध्ये राहणारा पुशोक नावाचा कुत्रा आपल्या आईची गोष्ट सांगतोय, अशी आहे. मला वाटलं ही पटकथाकारांची फेकाफेक. पण हे जवळजवळ खरं निघालं! स्त्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यांच्या बापाचं नाव पुशोक. जून १९६१ मध्ये व्हिएन्नाच्या मेजवानीत जॅकलिन केनेडी ख्रुश्चेव्हशेजारी बसल्या होत्या. बोलायला विषय पाहिजे म्हणून त्यांनी स्त्रेल्काच्या पिल्लांची चौकशी केली. त्याच महिन्यात एक पिल्लू वॉशिंग्टनला हजर. पुशिन्का, म्हणजे मऊ लव. अमेरिकन लष्करी इस्पितळात तिची कसून तपासणी झाली, आत मायक्रोफोन वगैरे दडवलेला नाही ना म्हणून. केनेडींच्या चार्ली नावाच्या टेरियरशी तिचं जमलं आणि १९६३ मध्ये चार पिल्लं झाली. अध्यक्षमहाशय त्यांना 'पपनिक' म्हणायचे. दोन पिल्लं पत्र पाठवणाऱ्या मुलांना वाटली. केनेडींच्या हत्येनंतर पुशिन्का व्हाइट हाऊसच्या माळीबुवांकडे राहायला गेली. मध्ये क्यूबाचं क्षेपणास्त्र प्रकरण होऊन गेलं, जग अणुयुद्धाच्या टोकाला जाऊन परत आलं, आणि या सगळ्या काळात रशियाच्या बाईसाहेब अध्यक्षांच्या अंगणात घसरगुंडी खेळत होत्या.

तर रविवारी सकाळी पोहे खाताना मी विषय काढला. म्हटलं, काल मी तुला एक चुकीचं सांगितलं. आधी झिबची गोष्ट सांगितली, ती तीन वेळा सांगावी लागली. मग लायकाची सांगितली. ४० अंश आणि २४० ठोके गाळले. ती परत आली नाही आणि तिला परत आणायची सोयच केली नव्हती, एवढं मात्र सांगितलं.

बराच वेळ पोहे नुसतेच चिवडले गेले. मग विचारलं, "तिला माहीत होतं?"

"नाही."

"आणि त्या काकांना?"

"त्यांना माहीत होतं."

यावर काहीच आलं नाही. मी घाईघाईनं गाझेन्कोंना नंतर वाईट वाटलं वगैरे सांगितलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं असं काही दिसलं नाही. बायकोनं ताटली उचलली आणि म्हणाली, "कालच सांगायचं होतंस."

मग विषय बदलायला मी परत आलेल्या कुत्र्यांची नावं आणि त्यांचे अर्थ सांगत बसलो. बेल्का म्हणजे खार, स्त्रेल्का म्हणजे छोटा बाण, चेर्नुष्का म्हणजे काळी. "म्हणजे आपला काळू!" काळू हा आमच्या गेटवरचा भटका, पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर झोपणारा. पाऊस थांबल्याबरोबर आम्ही बिस्किटाचा पुडा घेऊन खाली गेलो. कन्यारत्नानं लांबूनच "चेर्नुष्काऽऽ" अशी जोरात हाक मारली. काळू बोका नसला तरी बुवा आहे आणि चेर्नुष्का हे बाईचं नाव आहे, हे व्याकरण मी तिला सांगितलं नाही. काळूनं कान हलवला, ढुंकूनही बघितलं नाही. पुड्याचा कागद फाडल्याचा आवाज झाला तेव्हा मात्र आला.